मकडीची जांच

माझ्या सगळ्या आयुष्यात मी एकदाच कोणाची वकिली केली, आणि जिची केली तिला आठ पाय होते. तो आठवडा आठवला की अजूनही माझ्या पोटात गुदगुल्या होतात. माणसं म्हणतात, वय झालं की जुन्या गोष्टी पुसट होत जातात. माझं उलटं आहे. परवाच्या भाजीत मीठ घातलं होतं की नाही ते मला सांगता यायचं नाही, पण त्या मकडीच्या पायांवर काळे ठिपके कसे ओळीनं होते ते मी आत्ता, या वैशाली नगरच्या बाल्कनीत बसून, कागदावर काढून दाखवीन.

छत्तीसगढातल्या एका प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरच्या अगदी शेवटच्या ओळीत आमचं क्वार्टर होतं. पुढे रस्ता, मागे बाडी, बाडीच्या मागे कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे थेट धानाच्या बांध्या. पुढच्या दारानं प्लांटचा भोंगा घरात यायचा आणि मागच्या दारानं बेडकांचा आवाज. आईबाबा भंडाऱ्याकडचे, शेतीतून उठून आलेले. प्लांटात बाबांना नोकरी मिळाली आणि आईला ही बाडी मिळाली. दोघांत जास्त खूश कोण होतं हे सांगणं कठीण. आईनं त्या चिमूटभर जागेत अंबाडी लावली, दोडके चढवले, चवळी लावली, आणि कोपऱ्यात केळीचं एक बेट वाढवलं. संध्याकाळी अंबाडीची भाजी शिजत असली की तिचा आंबूस वास ओळीतल्या सहाव्या क्वार्टरपर्यंत जायचा, आणि सहाव्या क्वार्टरातलं कोणी ना कोणी वाटी घेऊन यायचंच. आई तोंडानं कुरकुरायची आणि हातानं वाटी भरायची.

मकड्या मूळच्या त्या केळीच्या बेटातल्या. घरात आम्ही मकडीच म्हणायचो. कोळी हा शब्द आमच्याकडे फक्त नागपूरचे पाहुणे वापरत. केळीच्या बुंध्याला जुनी सोपटं सुटून येतात आणि त्यांच्या आत एक चपटी, कोरडी, अंधारी फट तयार होते. तिथं त्या राहायच्या. पावसाळ्यात सोपटांत पाणी भरलं की त्या बिऱ्हाड उचलून आमच्या मागच्या खोलीत यायच्या, कारण आमच्या खोलीतही तशाच फटी होत्या: लाकडी कपाटाच्या मागे, ट्रंकेच्या खाली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या आड. मला हे कळलं त्या दिवशी मी नाचले होते! तोवर मला वाटायचं की मकडी घरातली असते, पालीसारखी. आणि ही तर बाहेरची, झाडाची. तिच्या लेखी आमचं कॅलेंडर म्हणजे केळीचं सोपट होतं.

ही मकडी जाळं विणत नाही. तळहात पसरावा एवढी मोठी, इस्त्री फिरवल्यासारखी चपटी, खेकड्यासारखे आडवे फाकवलेले पाय, आणि डोळ्यांच्या खाली एक पांढरट पट्टी. ती भिंतीवर नुसती बसून राहते. तासन्‌तास. तुम्हाला वाटतं मेली. आणि मग मोरीतून एखादं झुरळ निघतं, मिशा हलवत, स्वतःच्याच घरात असल्यासारखं, आणि तुमची पापणी लवायच्या आत झुरळ मकडीच्या तोंडात असतं. मध्ये काय झालं ते मला कधीच दिसलं नाही. डोळे फाडफाडून पाहायचे, श्वास धरून पाहायचे, तरी नाही. माझ्या वर्गातल्या मुलींना सिनेमाचं वेड होतं. मला संध्याकाळी सातच्या सुमाराला मागच्या खोलीच्या भिंतीचं होतं.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मला सांगायला आवडत नाही. आदल्या वर्षी अशीच एक मकडी ट्रंकेमागे बसली होती आणि तिच्या पोटाखाली एक पांढरी गोल चकती होती, शर्टाच्या मोठ्या गुंडीसारखी. ती काय आहे ते पाहायला म्हणून मी झाडूच्या काडीनं मकडीला ढकललं. ती चकती टाकून पळाली. परत आलीच नाही. दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी चकती फाडली, तेव्हा आतले पिवळे बारीक दाणे मला दिसले आणि ती अंडी होती हे कळलं. त्या दिवशी मी जेवले नाही. आईला वाटलं ताप आहे.

म्हणून या वर्षी कॅलेंडरच्या मागे पुन्हा तशीच चकतीवाली दिसली, तेव्हा मी ठरवूनच टाकलं की हिची पिल्लं निघेपर्यंत हिला कोणी बोटसुद्धा लावायचं नाही. रोज शाळेतून आले की दप्तर खाली ठेवायच्या आधी मी कॅलेंडरचा खालचा कोपरा दोन बोटांनी उचलायची. असायची! चकती तोंडाशी धरून, तशीच. झुरळ तिच्या पायाजवळून गेलं तरी ढुंकून पाहायची नाही. तोंड भरलेलं असताना खाणार कसं? मी त्या दिवसाच्या तारखेवर पेन्सिलीनं एक टिंब द्यायची. आठ टिंबं, दहा टिंबं, पंधरा टिंबं. आईला वाटायचं मी दुधाच्या पॅकिटांचा हिशोब करते, आणि ती कौतुकानं शेजारच्या साहू काकींना सांगायची.

आणि मग आईच्या मानेवर फोड उठले. सकाळी उठली तर मान लाल, आणि दुपारपर्यंत त्या लालीवर पाण्याचे बारीक फोड, एका रेघेत, चाबकाचा फटका बसावा तसे. आग आग होत होती. साहू काकी भिंतीवरून डोकावल्या, पाहिलं न पाहिलं आणि निदान करून मोकळ्या झाल्या. "मेकरा मूत दे हे बहिनी. अमचूर लगा." काकी छत्तीसगढच्याच, त्यांच्याकडे मकडीला मेकरा म्हणतात. आई म्हणाली, तेच तं, मकडीच मुतली. पलीकडच्या तेलुगू अम्मांनी त्यांच्या भाषेत तेच सांगितलं. आमच्या ओळीत नळाला पाणी किती वाजता यावं यावर कधी दोन माणसांचं पटलं नाही, पण मकडी अंगावर मुतते आणि त्यानं फोड येतात यावर सगळ्या देशाचं एकमत होतं. काकींनी अमचूर वाटून दिला, आईनं मानेला लेप लावला, झाडू उचलला आणि मागच्या खोलीत आली.

"हट बाजूले, सुने."

सुनी म्हणजे मी, आणि मी कॅलेंडरला पाठ लावून उभी होते. "नाई हटत."

"कावून नाई हटत? पाह्य माही मान कशी झाली ते!"

"तिनं नाई केलं."

"तिनं नाई केलं तं का म्या केलं?"

आईसमोर असं उभं राहण्याची माझी ती पहिलीच वेळ. भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटत होती. पाठीमागे कागदाच्या आड ती आहे, तिला यातलं काही माहीत नाही, आणि तिच्यासाठी मी झाडूच्या समोर उभी आहे! माझी मोठी बहीण कुंदाताई दारातून म्हणाली, "मारू दे नं वो सुने, मकडीच तं हाय." त्या क्षणी मी ताईशी आयुष्यभर बोलायचं नाही असं ठरवलं. ते संध्याकाळपर्यंत टिकलं.

तेवढ्यात सकाळची ड्यूटी करून बाबा आले. बाबा प्लांटात ॲसिडच्या खात्यात होते आणि खात्याच्या सेफ्टी कमिटीत होते. ती कमिटी त्यांच्या अंगात भिनली होती. घरात कप फुटला तरी ते आधी कप कुठं ठेवला होता, काठापासून किती आत, आणि त्या वेळी उजेड किती होता हे विचारायचे. आई वैतागायची, पण कप फोडणाऱ्याला आमच्या घरात कधी मार बसला नाही हेही खरंच. बाबांनी टिफिन ठेवला, आईची मान पाहिली, झाडू पाहिला, मला पाहिलं.

"कोणी पाह्यलं का तिले मुतताना?"

"पाह्यलं नाई. पण आजू कोण असन?"

"आजू कोण असन, ते जांचमध्ये निघन. पयले जांच, मंग सजा."

"तुमची जांच प्लांटात ठेवा," आई म्हणाली. "इथं माह्या मानीले आग लागून राहिली."

पण बाबांनी कपाटातून एक रेघांचं रजिस्टर काढलंच. पहिल्या पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात घटना, जागा, वेळ असे रकाने पाडले आणि संशयित म्हणून मकडी असं लिहिलं. मग निकाल दिला. येत्या सोमवारी मलेरियावाले येणार होते. ते दर वर्षी पावसाळा सरताना यायचे, सगळं सामान अंगणात काढायला लावायचे आणि पंपानं सगळ्या भिंतींवर दवा मारायचे; त्यानंतर आठ दिवस घरात मेलेली झुरळं, पाली आणि मकड्या झाडत बसायचं. तर सोमवारपर्यंत मकडीला कोणी हात लावायचा नाही. तेवढ्या दिवसांत सुनीनं तिची बेकसूरी साबित करायची. नाही झाली तर आई आणि झाडू.

"अन् साबित झाली तं?" मी विचारलं. "मंग मागच्या खोलीत दवा नाई मारू द्यायची."

आई म्हणाली, "पाहू." आमच्या घरात 'पाहू' म्हणजे 'नाही' असायचं, पण ते सौम्य 'नाही' असायचं, आणि मी तेवढ्यावर समाधान मानलं. मग आईनं शेवटचा प्रश्न टाकला, "अन् तवर आजू कोणाच्या अंगावर मुतली तं?"

"तं कसूर माहा," बाबा छातीला हात लावून म्हणाले.

बुधवारी सकाळी बाबांचा डावा डोळा सुजून बंद झाला होता. पापणीच्या कडेपासून कानशिलापर्यंत तशीच लाल रेघ, तसेच फोड. आईनं फक्त अमचुराची वाटी बाबांच्या समोर ठेवली, आणि एवढ्या जोरात ठेवली की वाटी गरागरा फिरली. बाबांना तशा डोळ्यानं ड्यूटीवर घेतलं नाही. ते एक डोळा मिटून खाटेवर बसले, आणि मला वाटलं आता संपलं, आता हेच मला म्हणतील, हट बाजूला. बाबा म्हणाले, "रजिस्टर आण. माहा बयान घे."

बयान घ्यायची बाबांची एक पद्धत होती. काय झालं हे विचारायचं नाही. ते सगळे आपल्या मनचं सांगतात. घटनेच्या आधी हाताला शेवटचं काय काम होतं, ते विचारायचं. मी विचारलं. बाबांनी आठवून आठवून सांगितलं: सोमवारी रात्रीचं जेवण पुढच्या पडवीत, ट्यूबलाइटच्या खाली, उघड्या अंगानं. "कानशिलावर काई तरी चालून राहिलं होतं. मुंगी असन म्हून पुसून टाकलं." मी लिहिलं. मग आईच्या मागे लागले. ती भाताचं पाणी काढत होती आणि तिला या पोरखेळात भाग घ्यायचा नव्हता. "पडवीत बसली होती, मानीवर मुंगी वयवयली, हात मारला, अजून का?" तेही लिहिलं. दोन्ही बयानं मी एकाखाली एक ठेवली, पण तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही. आज ते आठवून मला माझाच राग येतो. उत्तर माझ्याच अक्षरात माझ्यासमोर होतं!

शुक्रवारी ताईच्या कोपराला फोड उठले. ताईची मॅट्रिक होती, ती पडवीत ट्यूबलाइटखाली बसूनच वाचायची. आता ताईही रडायला लागली आणि तिनं आईला स्पष्ट सांगितलं की या पोट्टीपायी घरातली सगळी माणसं भाजून निघतील. आई म्हणाली, आज जांच बंद. पण बाबांनी एकाच उघड्या डोळ्यानं ताईचा हात धरला आणि तिचं कोपर मिटवलं, उघडलं, परत मिटवलं. कोपराच्या घडीच्या वर एक डाग होता आणि खाली अगदी तसाच दुसरा. हात मिटला की दोन्ही एकमेकांवर बसायचे, कागदावर ओली शाई असताना घडी घातल्यासारखे.

"हे वरून पडलेलं नाई," बाबा हळूच म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "वरून थेंब पडला असता तं एकच डाग असता. हे घडीत दाबल्या गेलं. मी असे डाग पाह्यले आहेत, पोरी. आमच्या खात्यात हातातला दस्ताना आतून ओला झाला की असेच उठतात."

"ताई," मी ओरडलेच, "तुह्या कोपरात काही चाललं होतं का? परवा?"

ताई नाक पुसत म्हणाली, "होय, मुंगी होती. वाचता वाचता दाबली."

मुंगी! तिघांची मुंगी! मी रजिस्टर उघडलं, बोट ठेवून वाचलं आणि माझ्या कानात गरम वारं शिरल्यासारखं झालं. पुसून टाकलं, हात मारला, दाबली. तिघंही ट्यूबलाइटखाली. आणि मकडी तर मागच्या खोलीत, जिथं साधा पिवळा बल्ब होता आणि जिथं मी आणि माझी धाकटी बहीण तिच्या अगदी खाली झोपत होतो. मकडीच मुतत असती तर सगळ्यात आधी आमच्या दोघींच्या अंगावर फोड यायला हवे होते! मी ते मोठ्यानं म्हटलं. बाबांनी मांडीवर थाप मारली. आईनंसुद्धा चुलीवरून मान वळवली.

दिवेलागणीला मी पडवीत स्टुलावर उभी राहिले आणि ट्यूबलाइटखाली पाहत बसले. बांध्यांतलं पाणी त्या दिवसांत उतरायला लागतं, धान पोटरीला येतं आणि उजेडावर किड्यांची नुसती जत्रा भरते. हिरवे तुडतुडे, पंखवाल्या मुंग्या, काळे भुंगे. आणि त्यांच्यात तो होता. मुंगीसारखाच लांबट, पण नारंगी. डोकं काळं, शेपटाचं टोक काळं, आणि कमरेवर निळसर काळं आखूड जाकीट घातल्यासारखं. भिंतीवर सरसर पळायचा आणि हाकललं की शेपूट वर करायचा. एक नाही, सात होते! मी काडेपेटीत दोन पकडले. स्टुलावरून उतरताना तिसरा सुटला.

पुढं जे केलं ते शहाणपणाचं नव्हतं. माझ्या नातवंडांना मी हा भाग सांगत नाही. मी ताईला मागच्या खोलीत नेलं, तिच्या हातात रजिस्टर दिलं आणि म्हटलं, साक्षीदार हो. डावा हात कॅलेंडरच्या खाली भिंतीला सपाट टेकवला आणि दुसऱ्या हातानं कॅलेंडरच्या वरच्या बाजूला टिचकी मारली. ती सरकली. चकती धरून, कागदाखालून बाहेर आली, थांबली, आणि मग माझ्या मनगटावर चढली. ताईनं तोंडावर हात दाबला. मी श्वास घेतला नाही. इतकी मोठी, आणि वजन म्हणून नाही! फक्त कोरडी खरखर, एकामागून एक आठ पाय, आणि मध्येच चकतीचा मऊ स्पर्श. कोपरापर्यंत गेली आणि परत भिंतीवर, परत कागदाच्या आड. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, दोन्ही एकदम. मग मी काडेपेटी उघडली आणि नारंगी किडा उजव्या हातावर चिरडला. ताईनं वेळ लिहिली.

बाबांना कळलं तेव्हा ते माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं ओरडले. "सेफ्टीवाल्याची पोट्टी हायेस तू! आधी मले कावून नाई सांगितलं?" त्यांनी माझा हात नळाखाली धरला आणि साबणानं घासत राहिले, घासत राहिले. त्यांच्या स्वतःच्या हातावर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग होते. बाबा रागावले नव्हते, घाबरले होते. हे मला आई झाल्यावर कळलं.

शनिवारी दोन्ही हात सारखे. सगळ्यांनी येऊन पाहिले. साहू काकींनी भिंतीवरून पाहिले आणि मान हलवली. मी रात्री दोन्ही हात पांघरुणाबाहेर काढून झोपले. रविवारी सकाळी धाकटीच्या किंचाळण्यानं जाग आली. उजव्या हातावर लाल पट्टा आणि त्यावर फोडांची माळ. डावा हात लख्ख! एवढी आग होत होती आणि मी अंगणात उड्या मारत होते, दोन्ही हात वर करून, आणि ओळीतली माणसं बाहेर येऊन पाहत होती की पोलीसवाल्यांची पोट्टी वेडी झाली का. आमचं आडनाव पोलीस नव्हतं. जांचेच्या आठवड्यात ओळीनं ते आम्हाला दिलं होतं. बाबांनी रजिस्टरात संशयित या रकान्यातलं मकडी खोडून 'नारंगी किडा, धानातला, ट्यूबलाइटवर येतो, चिरडू नये, फुंकून उडवावा' असं लिहिलं आणि खाली सही केली. त्या दिवसापासून आमच्या पडवीत पिवळा बल्ब आला. आता शेजारची सून मला मोबाइलवर दाखवते की या किड्यावर केवढं लिहिलेलं आहे, ॲसिड फ्लाय का काय म्हणतात त्याला. मी म्हणते, माहीत आहे, आमच्याकडे त्याची फाइल होती.

मी आईकडे गेले. ती तांदळाच्या भाकरी थापत होती. "साबित झालं," मी म्हटलं. "आता मागच्या खोलीत दवा नाई."

आईनं माझा उजवा हात धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि त्यावर खोबरेल तेल लावलं. मग म्हणाली, "मकडी मुतत नाई. मानलं म्या. पण मागच्या साली कुंदाले मलेरिया झाला, ते ध्यानात हाय का तुह्या? चार दिवस पोट्टीनं डोये नाई उघडले. दवा मारा लागते, सुने. मकडीसाठी पोरीचा जीव नाई धोक्यात टाकत मी."

ते खरं होतं. ताईचे ते चार दिवस मीही पाहिले होते. मी खटला जिंकले होते, आणि तरी उद्या दवा तिच्यावर पडणारच होती. तिला हलवता येत नव्हतं. हलवली की चकती टाकते हे मी एकदा शिकले होते. त्या रात्री मी कॅलेंडरवरची टिंबं परत परत मोजली. वीस टिंबं, एकवीस टिंबं, कितीही मोजली तरी पिल्लं कधी निघतात हे मला माहीतच नव्हतं.

सोमवारी सकाळीच पंपाचा आवाज ओळीच्या टोकाला सुरू झाला. फस, फस, फस. आईनं खाटा बाहेर काढल्या, ट्रंक ओढली, डबे झाकले, मच्छरदाण्या दोरीवर टाकल्या. सगळी खोली रिकामी झाली आणि भिंतीवर एकटं कॅलेंडर राहिलं. आईनं त्याला हात लावला नाही. मला हाक मारून म्हणाली, "ते तूच काढ. माह्या हातानं नाई होत." पंप आता चौथ्या घरात होता. मी खिळ्यावरून कॅलेंडर अलगद उचललं.

चकती फाटली होती. आणि भिंतीवर, तिच्या पायांच्या मधून, पाठीवरून, आजूबाजूला वीतभर जागेत पिल्लं! शेकडो! तांदळाच्या कणीएवढी, पाण्यासारखी पारदर्शक, आणि प्रत्येकाला आठ पाय, एकूण एक पूर्ण! हलत होती, एकमेकांवरून चढत होती. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आई भांड्यांची घमेली घेऊन धावत आली आणि दारातच थांबली. मग जवळ आली. घमेली खाली ठेवली. पदर तोंडाला लावून ती बराच वेळ वाकून पाहत राहिली.

"इतके?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "अन् इतके दिवस तिनं काईच नाई खाल्लं?"

"काईच नाई. तोंडात चकती होती नं."

आई परत पाहायला लागली. बाहेर दारावर पंपाची नळी ठकठकली. मलेरियावाले छत्तीसगढी, घरातल्या बाईला दाई, म्हणजे आई, म्हणायचे. "दाई, दवा मारे बर आए हन. सामान निकल गे?"

आईनं पदर खोचला आणि पुढच्या दाराशी गेली. मीही मागे मागे गेले. दोघं होते, खाकी कपडे, पाठीवर पंप, मिशांवरसुद्धा पांढरी भुकटी.

"सामने का कमरा मारो, रसोई मारो, सब मारो भैया," आई तिच्या हिंदीत म्हणाली. "पीछे का नहीं. हम सब आज से सामने सोएंगे, मच्छरदानी में. पीछे बाळंतीण है."

त्यातल्या म्हाताऱ्यानं लगेच पंप खाली केला आणि हसला. "बधई हो दाई! बेटा आइस के बेटी?"

आईनं एकदा मागे वळून पाहिलं.

"अभी गिने नहीं," ती म्हणाली.